आलिशान एसयूव्ही आणि तज्ज्ञांचे तारे

४ मार्च २०१९ रोजी जिनिव्हात 'युरोपियन कार ऑफ द इयर'चा निकाल लागला. जग्वारची आय-पेस ही विजेवर चालणारी एसयूव्ही आणि आल्पीन ए-११० ही छोटी स्पोर्ट्‌स कार, दोघींना बरोबर २५० गुण. या पुरस्काराच्या इतिहासात असा प्रसंग पहिल्यांदाच आला होता. आय-पेसला पहिल्या पसंतीची मतं जास्त म्हणून मान तिला मिळाला. पुढच्याच महिन्यात तिनं न्यूयॉर्कमध्ये 'वर्ल्ड कार'चे तीन पुरस्कार एकदम पटकावले. गाड्यांच्या धडकेच्या चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेचे पाच तारे तर आदल्या वर्षीच पदरात पडले होते.

मग २०२३ साल उजाडलं. बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेत सुमारे ६,४०० आय-पेस गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. गाडी घरापासून लांब, उघड्यावर लावा, असं मालकांना सांगण्यात आलं. २०२४ मध्ये २०१९ च्या मॉडेलच्या जवळजवळ २,७६० गाड्या कंपनीनं मालकांकडून परत विकत घ्यायचं ठरवलं.

मग परीक्षक चुकले का? त्यांनी गाडी चालवली, ती त्यांना इतर गाड्यांपेक्षा सरस वाटली आणि ती तशी होतीही. धडकेच्या चाचणीतले तारेही खरेच होते. पण बॅटरीचे सेल चार-पाच वर्षांनी कसे वागतील, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं आणि विचारलं असतं तरी त्या दिवशी कुणालाच सांगता आलं नसतं. गाडी नवी असते तेव्हा तज्ज्ञांना तिच्याबद्दल सगळ्यात कमी माहिती असते आणि नेमकं त्याच वेळी ते सगळ्यात जास्त बोलतात. रेटिंगवर किती भरवसा ठेवायचा, याचं निम्मं उत्तर इथंच आहे.

प्रश्न कुठून येतो

बाडहूव्हडॉर्प हे नेदरलँड्समधल्या स्खिपोल विमानतळाला अगदी खेटून असलेलं गाव. १८५२ साली हार्लेमरमेर हे सरोवर उपसून कोरडं केलं, त्याच्या तळावर, म्हणजे पोल्डरवर, वसलेलं, समुद्रसपाटीपेक्षा खाली. गावाला मधोमध चिरणारा ए-९ महामार्ग २०१७ मध्ये गावाबाहेरून वळवला गेला आणि जुन्या रस्त्याच्या जागेवर घरं बांधण्याचे बेत सुरू झाले. शेजारचं आम्स्टलफेन म्हणजे भारतीयांचं ठाणं. भाड्याच्या फ्लॅटमधून स्वतःच्या घरात आलेल्या इथल्या मराठी कुटुंबांत एक विषय हमखास निघतो: आता मोठी गाडी. व्होल्वो एक्ससी-९०, बीएमडब्ल्यू एक्स-५, मर्सिडीज जीएलई, ऑडी क्यू-७, लेक्सस आरएक्स, जमलंच तर रेंज रोव्हर. पुण्यात किंवा ठाण्यात बसून हीच यादी चाळणाऱ्यांचा प्रश्नही वेगळा नाही. यादीतल्या प्रत्येक गाडीवर कुठला ना कुठला शिक्का असतोच आणि सगळ्याच उत्तम ठरल्या की निवड करणं आणखी अवघड होतं.

म्हणून शिक्का कुणी मारला, हे आधी पाहायचं. तज्ज्ञ तीन प्रकारचे असतात: मत देणारे, मोजणारे आणि वर्षानुवर्षं नोंदी ठेवणारे.

मत देणारे

कार ऑफ द इयर हा मतांचा मामला आहे. १९६४ पासून चालत आलेल्या या पुरस्काराच्या आयोजकांत 'ऑटोव्हिजी' हे डच नियतकालिकही आहे. अंतिम फेरीत सात गाड्या येतात. प्रत्येक परीक्षकाकडे २५ गुण असतात, ते त्यानं किमान पाच गाड्यांत वाटायचे आणि एका गाडीला दहाच्या वर द्यायचे नाहीत. २०१९ मध्ये ६० परीक्षक होते, म्हणजे एकूण १,५०० गुण. विजेतीला त्यातले २५० पडले, एक षष्ठांश. 'युरोपातली सर्वोत्तम गाडी' या पाटीमागचं बहुमत एवढंच असतं. पुरस्कार खोटा नाही, पण सात चांगल्या गाड्यांमधला फरक किती बारीक होता, हे त्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

मासिकांतल्या परीक्षणांचंही तसंच. परीक्षणाची गाडी बहुतेक वेळा कंपनीच पाठवते. ती सगळ्यात वरच्या आवृत्तीची असते, तिला एअर सस्पेन्शन असतं, महागड्या सीट्स असतात. परीक्षक ती थोडे दिवस वापरतो आणि 'रस्त्यावर तरंगत जाते' असं लिहितो. ते त्या गाडीपुरतं खरंच असतं. तुम्ही मात्र हजारो युरो वाचवायला साधं सस्पेन्शन आणि दिसायला छान म्हणून २१ इंची चाकं घेता. ती तरंगत नाही, रस्त्यातला प्रत्येक सांधा तुम्हाला कळवते. परीक्षण वाचताना शेवटच्या चौकटीतली 'चाचणीतल्या गाडीची किंमत' आधी बघावी. ती आणि मूळ किंमत यांच्यात जेवढी तफावत, तेवढं ते परीक्षण तुमच्या गाडीपासून लांब.

मतांच्या आकड्यांत हातचलाखी होऊ शकते, हे २०१४ मध्ये जर्मनीत उघड झालं. एडीएसी हा तिथला लाखो सभासदांचा मोटार क्लब. त्याच्या 'गेल्बर एंगल' पुरस्कारात वाचकांची आवडती गाडी म्हणून फोक्सवॅगन गोल्फला ३४,२९९ मतं पडल्याचं जाहीर झालं होतं. प्रत्यक्षात ती ३,४०९ होती. क्लबच्या जनसंपर्क प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. आकडा नेमका दिसतो म्हणून तो खरा असतोच असं नाही.

मोजणारे

१९९७ पासून काम करणारी युरो एनकॅप ही संस्था मतं मागत नाही, गाड्या आपटते. २०२० पासून तिची एक मुख्य चाचणी अशी असते: गाडी ताशी ५० किलोमीटरनं धावते, समोरून १,४०० किलोचा गाडा त्याच वेगानं येतो आणि दोघांची निम्म्या रुंदीवर धडक होते. त्या गाड्याचा पुढचा भाग चेपणारा असतो. आतल्या पुतळ्यांना किती मार बसला हे तर मोजतातच, शिवाय समोरच्या गाड्याच्या त्या भागाची काय अवस्था झाली तेही मोजतात. स्वतः सुखरूप राहून समोरच्याचा चेंदामेंदा करणाऱ्या गाडीचे गुण कापले जातात. दोन-अडीच टनांच्या एसयूव्हीसाठी हा निकष महत्त्वाचा आहे. तेव्हा या ताऱ्यांवर विश्वास ठेवावा, पण चार अटी ध्यानात धरून.

पहिली अट वर्षाची. रेनो झोईला २०१३ मध्ये पाच तारे मिळाले होते. २०२१ मध्ये तिची पुन्हा परीक्षा झाली आणि एकही तारा मिळाला नाही. मधल्या काळात पेपर अवघड झाला होता आणि गाडीतली काही सुरक्षा साधनंही कमी केलेली होती. दहावीचे नव्वद टक्के म्हटल्यावर आपण 'कुठल्या साली?' असं विचारतो, तसंच इथंही विचारायचं. २०२६ पासून युरो एनकॅपचे निकष पुन्हा बदलले आहेत. इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींसाठी हाताला लागणारी बटणं नसतील तर गुण जातात. सगळं काही टचस्क्रीनवर नेणाऱ्या महागड्या गाड्यांना हा चिमटा आहे.

दुसरी अट वजनाची. तारे साधारण सारख्या वजनाच्या, सारख्या प्रकारच्या गाड्यांतच ताडून बघायचे असतात. पाच तारे मिळवलेली छोटी हॅचबॅक आणि पाच तारे मिळवलेली एक्ससी-९० समोरासमोर आल्या तर हॅचबॅकमधल्यांना जास्त मार बसणार. पदार्थविज्ञान तारे मोजत बसत नाही.

तिसरी अट पेपराबाहेरच्या प्रश्नांची. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेनं २०१२ मध्ये नवी चाचणी आणली, ज्यात गाडीच्या पुढच्या कोपऱ्याचाच, सुमारे २५ टक्के रुंदीचा, भाग अडथळ्यावर आदळतो. पहिल्या फेरीत ११ आलिशान सेडान घेतल्या आणि त्यांतल्या फक्त दोघींना, अक्युरा टीएल आणि व्होल्वो एस-६० यांना, 'उत्तम' शेरा मिळाला. मर्सिडीज सी-क्लास, ऑडी ए-४ आणि लेक्ससच्या दोन गाड्या तळाला गेल्या. जुन्या चाचण्यांत याच गाड्या अव्वल होत्या. कंपन्या परीक्षेपुरता अभ्यास करतात. न सांगता घेतलेल्या परीक्षेत कोण टिकतं, यावरून त्या कंपनीची वृत्ती जास्त कळते.

चौथी अट आपल्या वागण्याची आणि ती महाराष्ट्रानं फार जवळून पाहिली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मर्सिडीज जीएलसी गाडीत अपघाती मृत्यू झाला. त्या मॉडेलला २०१५ मध्ये युरो एनकॅपचे पाच तारे मिळाले होते. पुढच्या सीटवरचे दोघं वाचले. मागच्या सीटवरचे दोघं दगावले आणि त्यांनी सीटबेल्ट लावलेले नव्हते. चाचणीतल्या प्रत्येक पुतळ्याचा पट्टा बांधलेला असतो. मागं बसून पट्टा न बांधणाऱ्याला ते पाच तारे लागू होतच नाहीत.

ताऱ्यांखाली चार टक्केवाऱ्या असायच्या: प्रौढ, लहान मुलं, रस्त्यावरचे पादचारी-सायकलस्वार आणि चालकाला साहाय्य करणारी यंत्रणा. २०२६ पासून त्यांची मांडणी बदलली आहे, पण बाजारातल्या बहुतेक गाड्यांचे निकाल जुन्याच मांडणीतले आहेत. त्यातली तिसरी टक्केवारी इथं नेदरलँड्समध्ये आवर्जून वाचावी. २०२३ मध्ये या देशात रस्त्यावर ६८४ माणसं गेली, त्यांतली २७० सायकलवर होती. युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांच्या बॉनेटची सरासरी उंची २०१० मध्ये ७६.९ सेंटिमीटर होती, ती २०२४ मध्ये ८३.८ झाली. बाडहूव्हडॉर्पमध्ये सकाळी सव्वाआठला शाळेकडे निघालेल्या सायकलींची रांग पाहिली की ही वाढ कुणाच्या वाट्याला येते ते समजतं. त्या रांगेत आपलीही मुलं असतात.

एक ठणकावून दिलेला शेरा

तज्ज्ञ नेमके कशासाठी हवेत, हे दाखवणारी घटना एप्रिल २०१० ची आहे. अमेरिकेतली 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ही १९३६ साली सुरू झालेली संस्था. ती जाहिराती घेत नाही आणि चाचणीच्या गाड्या शोरूममधून स्वतःच्या पैशानं विकत घेते. तिच्या चालकांनी लेक्सस जीएक्स-४६० ही आलिशान एसयूव्ही वळणावर वेगानं घेतली आणि ॲक्सिलरेटरवरून अचानक पाय काढला. गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागला आणि तोल सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जागी व्हायला उशीर झाला. खऱ्या रस्त्यावर अशा वेळी मागचं चाक कडेच्या दगडाला लागलं तर उंच गाडी उलटू शकते. संस्थेनं शेरा दिला: सुरक्षेच्या दृष्टीनं धोकादायक, घेऊ नका. असा शेरा तिनं त्याआधी २००१ मध्ये दिला होता.

लेक्सस बनवणाऱ्या टोयोटानं लगेच विक्री थांबवली, सुमारे ९,४०० गाड्या परत बोलावून यंत्रणेचं सॉफ्टवेअर बदललं. संस्थेनं गाडी पुन्हा तपासली आणि मे महिन्यात शेरा मागं घेतला. लेक्सस म्हणजे भरवशाची, हा लौकिक त्याही वेळी पक्का होता. पण लौकिक एक सांगतो आणि मोजणी दुसरं, तेव्हा मोजणीचं ऐकावं.

नोंदी ठेवणारे

तिसरी जमात कंटाळवाणी आणि म्हणूनच कामाची. जे.डी. पॉवर मालकांना विचारून दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते सांगते. तिच्या एका पाहणीत पहिल्या ९० दिवसांच्या तक्रारी असतात, दुसरीत तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या. जाहिरातीत कुठली छापली आहे ते बघा, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय यात गिअरबॉक्स बिघडला ही एक तक्रार आणि फोन ब्लूटूथला जोडला जात नाही हीसुद्धा एक तक्रार. पडद्यांनी भरलेल्या आलिशान गाड्या या यादीत खाली जातात, त्याचं एक कारण हे. आणि पुरस्काराचं चिन्ह जाहिरातीत वापरायला कंपन्या पैसे मोजतात, हेही माहीत असलेलं बरं.

रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची नोंद जर्मनीत एडीएसी ठेवते. त्या यादीत चाळीस टक्क्यांहून जास्त वेळा दोषी असते ती साधी १२ व्होल्टची बॅटरी. म्हणजे नादुरुस्त गाड्यांची यादी बरीचशी जुन्या बॅटऱ्यांची यादी असते. ब्रेक, चाकं, दिवे, सस्पेन्शन यांचा हिशोब हवा तर जर्मनीचा ट्यूफ अहवाल बघावा. तिथं सक्तीच्या तपासणीत किती टक्के गाड्यांत दोष निघाले ते मॉडेलवार छापतात.

नेदरलँड्समध्ये याहून जवळची सोय आहे. आरडीडब्ल्यू या सरकारी वाहन नोंदणी संस्थेच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाका, पैसे पडत नाहीत. गाडीचं वजन कळतं, एपीके ही सक्तीची तपासणी कधीपर्यंत वैध आहे ते कळतं. कंपनीनं दुरुस्तीसाठी परत बोलावलेली असून मालकानं नेलीच नाही, तर तेही दिसतं. किलोमीटरच्या नोंदींवर 'लॉगिस' म्हणजे सुसंगत किंवा 'ऑनलॉगिस' म्हणजे विसंगत असा शेरा असतो. आणि दोन तारखा असतात: गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली ती आणि नेदरलँड्समध्ये पहिल्यांदा नोंदली गेली ती. दोन्हींत चार वर्षांचं अंतर असेल तर गाडी बाहेरून आणलेली आहे, तिचा आधीचा इतिहास कागदावर मागून घ्या. पाच मिनिटांच्या या तपासणीतून त्या एका गाडीबद्दल जे कळतं, ते जगातला कुठलाही परीक्षक सांगू शकत नाही.

या नोंदींची अडचण एवढीच की त्या उशिरा येतात. नेदरलँड्समध्ये पेट्रोल किंवा विजेच्या नव्या गाडीची पहिली एपीके चार वर्षांनी होते, जर्मनीत पहिली तपासणी तीन वर्षांनी. म्हणजे मॉडेल बाजारात आल्यावर तीन-चार वर्षं तपासणीच्या खात्यात काहीच जमा नसतं. म्हणूनच रेटिंगचा खरा उपयोग जुनी गाडी घेणाऱ्याला होतो. नवंकोरं मॉडेल घेणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा मतंच असतात.

कागदावरची सरासरी

इंधनाच्या आकड्याबाबत या देशानं एकदा मोठा धडा घेतला. मित्सुबिशी आउटलँडर ही प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही २०१३ च्या अखेरीस इथं धडाक्यानं खपली. अधिकृत आकडा होता १०० किलोमीटरला १.९ लिटर आणि त्या आकड्यामुळे ऑफिसच्या गाडीवर मोठी करसवलत मिळत होती. पेट्रोलचं कार्ड कंपनीचं, मग केबल लावायचा त्रास कोण घेतो? टीएनओ या डच संशोधन संस्थेनं इंधनाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्लग-इन गाड्या कागदावरच्यापेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल पीत असल्याचं दिसलं. युरोपियन कमिशननं २०२४ मध्ये गाड्यांच्या आतच नोंदला गेलेला वापर जाहीर केला. त्यात प्लग-इन गाड्यांचं प्रत्यक्ष उत्सर्जन अधिकृत आकड्याच्या सुमारे साडेतीन पट निघालं. आजच्या बहुतेक आलिशान एसयूव्हींची प्लग-इन आवृत्ती मिळते. रोज चार्ज करणार असाल तरच तो आकडा तुमचा.

ज्याला कुणी तारे देत नाही

इथला वाहनकर वजनावर आणि इंधनावर ठरतो. गाडीची किंमत एकदाच मोजावी लागते, वजनाचा भुर्दंड दर तीन महिन्यांनी. नाकापेक्षा मोती जड, याचा अर्थ पहिल्या पावतीला कळतो. चोरीचा विचार युरो एनकॅपच्या ताऱ्यांत नसतो. खिशातली किल्ली न काढता उघडणाऱ्या महागड्या गाड्यांवर चोरांचा डोळा असतो आणि विमा कंपनी अलार्म किंवा मागोवा घेणारं यंत्र बसवायला सांगू शकते. म्हणून सौदा पक्का करण्याआधी विम्याचा आकडा मागवावा.

रेंज रोव्हर आरसे उघडे असताना २.२ मीटर रुंद आहे. जुन्या गल्ल्यांत ताशी ३० च्या वेगानं समोरून दुसरी गाडी आली की दोघांपैकी एकाला थांबावं लागतं. आणि सपाट पोल्डरवर, जिथं सगळ्यात मोठा चढ म्हणजे कालव्यावरचा पूल, तिथं चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेचे गुण तुमच्या काय कामाचे, हेही एकदा स्वतःला विचारावं. दर वर्षी आल्प्सला स्कीइंगला जात असाल तर गोष्ट वेगळी.

मग आई-बाबा. ते नव्वद दिवसांच्या व्हिसावर येतात, प्रत्येकी दोन बॅगा घेऊन. त्यांना विमानतळावरून आणताना सात सीट्स वर केल्या तर डिकीत एकही मोठी बॅग राहत नाही, हे बऱ्याच गाड्यांत पार्किंगमध्येच कळतं. तिसऱ्या रांगेत आजीला गुडघे दुमडून शिरता येतं का, सीटची उंची तिला झेपते का, पकडायला दांडी आहे का, यावर परीक्षणात एखादं वाक्य मिळालं तर नशीब. टेस्ट ड्राइव्हला एकट्यानं जाऊ नये. घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला आणि सगळ्यात मोठ्या बॅगेला बरोबर न्यावं.

भारतात गाडी घेणाऱ्यांसाठी एक जोड. मर्सिडीजच्या एसयूव्ही चाकणला जुळतात, रेंज रोव्हर पुण्यात, ऑडी छत्रपती संभाजीनगरला शेंद्र्यात. युरोपातले तारे युरोपात विकल्या जाणाऱ्या आवृत्तीचे असतात. भारतातल्या आवृत्तीत एअरबॅग किती, आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आहे का, हे शोरूममध्ये लेखी मागा. भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे आणि हॅरियर, सफारी या पहिल्या पाच तारेवाल्या गाड्या ठरल्या. पण ती चाचणी ऐच्छिक आहे. तारे नाहीत म्हणजे गाडी वाईट असं नाही, तशीच ती चांगली असल्याचा पुरावाही नाही.

निवाडा

धडकेच्या चाचणीवर सगळ्यात जास्त विश्वास ठेवा, पण साल आणि आवृत्ती बघून. तपासणीच्या आणि मालकांच्या नोंदींवर त्याखालोखाल, त्यांत नेमकं काय मोजलं आहे ते वाचून. पुरस्कार आणि परीक्षणं शेवटी, रंग निवडताना जेवढा सल्ला घेतो तेवढीच. नवं मॉडेल आल्या आल्या घेऊ नका. तीन वर्षं थांबा, नोंदी जमू द्या, तोवर किंमतही उतरते. तज्ज्ञ 'ही घेऊ नका' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्याकडे मोजलेलं काहीतरी असतं, तेव्हा निमूट ऐका. ते 'हीच घ्या' म्हणतात तेव्हा मात्र आभार मानून स्वतःचा हिशोब मांडा, कारण कर, विमा, पार्किंग आणि आजीचे गुडघे त्यांच्या हिशोबात नसतात.